कपिलधारच्या वाटेवरचा मुक्काम

आमच्या भिशीत कुणी सहलीला जाऊन आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "खायला काय नेलं होतं?" डोंगरात एक रात्र काढून आल्यावर मलाही तोच प्रश्न आला. दशम्या किती केल्या, चटणी शेंगदाण्याची की कारळाची, पिठलं चुलीवर केलं की स्टोव्हवर, सगळं विचारून झालं. "झोपलात कुठं?" असं मात्र एकीनंही विचारलं नाही. तंबूत झोपलो म्हटलं की झालं! पण मैत्रिणींनो, तो तंबू कुठं लावायचा यावरून त्या संध्याकाळी आमच्या घरात जवळजवळ भांडण झालं होतं, आणि त्या भांडणात मी चुकीच्या बाजूनं बोलले होते. म्हणून आज दशम्यांचं राहू द्या, जागेबद्दल लिहिते.

निमित्त सासूबाईंचं. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला गावोगावच्या दिंड्या चालत जातात. बीडपासून कपिलधार वीसेक किलोमीटर. सासूबाई कितीतरी वर्षं या वाटेनं पायी गेल्या. आता वय अडुसष्ट, गुडघे बोलतात, गर्दीत रेटवत नाही. यंदा दिंडी निघून गेली तेव्हा त्या ओसरीत बसून होत्या आणि संध्याकाळी सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "एकदा सावकाश चालत न्या मला. कुणाची घाई नको, ढकलाढकली नको."

हे लगेच "जीपनं नेतो" म्हणाले. पण माझे धाकटे दीर पुण्याला असतात, सुट्टी मिळाली की सह्याद्रीत भटकतात. त्यांनी बेत ठरवला. पालीपर्यंत गाडीनं जायचं, बिंदुसरा धरणाच्या बाजूनं डोंगरात शिरायचं, मध्ये एक मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कपिलधार. तंबू त्यांच्याकडे दोन होते. मार्गशीर्षातला शनिवार-रविवार ठरला. आम्ही दोघं, आमची दोन मुलं, दीर-जाऊ आणि सासूबाई, अशी सात माणसं.

आमचा बालाघाट तुमच्यापैकी कित्येकींनी एस.टी.च्या खिडकीतूनच पाहिला असेल. सह्याद्रीसारखे सुळके नाहीत, दाट रान नाही. खाली गोदावरीकाठची काळी गंगथडी, आणि तिच्या दक्षिणेला हा उंचावरचा मुरमाड, दगडी मुलूख. माथे ताटासारखे सपाट, मधूनमधून ओढ्यांनी कापलेल्या दऱ्या, उतारावर सीताफळीची झुडपं, तरवड, बोरी आणि कमरेइतकं वाळलेलं कुसळी गवत. मी बी.ए.ला भूगोल घेतला होता आणि शाळेत अर्धा दिवस तोच शिकवते, त्यामुळे वाटेत मी मुलांना बेसाल्टचे थर वगैरे दाखवत होते. माझ्या भूगोलाची परीक्षा संध्याकाळी होती, हे तेव्हा कुठं माहीत होतं!

दीर म्हणाले, "वहिनी, हरिश्चंद्रगडावर लेणी आहेत, रतनगडावर गुहा आहे. अंधार पडला तरी चिंता नसते. इथं आपली जागा आपणच शोधायची." ह्यांच्या मनात आधी नायगावच्या मयूर अभयारण्यात रात्र काढायचं होतं, मोरांच्या आवाजानं जाग येईल म्हणून. पण पाटोदा तालुक्यातलं ते अभयारण्य १९९४ पासून राखीव आहे, तिथं आपल्या मनानं तंबू ठोकता येत नाही. शिवाय २०२० च्या नोव्हेंबरात शेजारच्या आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली होती, ते आम्ही विसरलो नव्हतो. वनखात्याच्या जमिनीत विचारल्याशिवाय राहायचं नाही आणि कुणाच्या वावरात मालकाला सांगितल्याशिवाय टेकायचं नाही, एवढं घरूनच ठरवून निघालो होतो.

चारच्या सुमाराला एका ओढ्यात उतरलो. काय सुंदर जागा होती म्हणून सांगू! ओढा जवळजवळ आटलेला, एका बाजूला गुडघाभर पाण्याचा डोह, त्यात करंजाची सावली, आणि पलीकडे चाळून पसरावी तशी बारीक, पांढुरकी वाळू. वारा नाही. जमीन मऊ. पाणी हाताशी. मुलांनी बूट काढून फेकलेसुद्धा. ह्यांनी पाठीवरचं ओझं टाकलं आणि म्हणाले, "झालं! यापेक्षा चांगलं काय मिळणार?"

सासूबाईंनी डोक्यावरचं गाठोडं उतरवलं नाही. उभ्याच राहिल्या.

"इथं निजायचं न्हाई."

"का, आई?"

त्या काठावरच्या तरवडाजवळ गेल्या. त्याच्या फांद्यांत वाळलेल्या गवताचे, काटक्यांचे पुंजके अडकले होते. एका फांदीला प्लॅस्टिकच्या पोत्याची चिंधी लोंबत होती. सगळे पुंजके एकाच दिशेला वळलेले. उंचीनं माझ्या छातीला लागत होते.

"हे कुणी टांगलं इथं?" त्यांनी विचारलं.

"आई, ते पावसाळ्यातलं आहे," हे म्हणाले. "आता मार्गशीर्ष चाललाय. आभाळात ढगाचा ठिपका तरी आहे का?"

मी दमले होते. मुलं भुकेजली होती. स्टोव्ह कधी पेटवते असं मला झालं होतं. मी म्हणाले, "एका रात्रीचा तर प्रश्न आहे, आई. काय होतंय!"

त्या माझ्याकडे बघून काही बोलल्या नाहीत. पदर खोचला आणि गाठोडं तसंच डोक्यावर घेऊन एकट्याच काठ चढायला लागल्या. त्या गुडघ्यांनी. मग काय, भावजी मुकाट्यानं तंबू उचलून त्यांच्यामागे गेले आणि आम्ही त्यांच्यामागे. हे पुटपुटत होते. मीही, खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात पुटपुटतच होते.

आता तळ नको तर माथा, म्हणून मुलांच्या हट्टानं वर चढलो. वरून लांबवर धरणाचं पाणी चमकत होतं. पण तिथला वारा! चादर उघडली तर हातातून जायला बघत होती. जमीन इतकी मुरमाड की तंबूची खुंटी दोन बोटंही आत जाईना, दगडानं ठोकली तर वाकली. सगळ्या माथ्यावर एकच कडुलिंब, त्याच्याखाली तरी आडोसा मिळेल म्हणून जाऊ तिकडे वळली, तर भावजींनी हाक मारून थांबवलं. उघड्या माळावरच्या एकट्या झाडाखाली तंबू लावायचा नाही. मराठवाड्यात वैशाखात आणि परतीच्या पावसात वीज पडून माणसं-जनावरं दगावल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतोच की आपण! मार्गशीर्षात वीज नसेल, पण वाळकी फांदी वाऱ्यानं मोडून अंगावर यायला कुठला महिना लागत नाही. झाडाखाली बसण्याआधी वर बघायचं, हे मी तेव्हापासून मुलांना शाळेच्या सहलीतही सांगते.

सूर्य कलायला लागला. ओढा नाही, माथा नाही. तेवढ्यात शेळ्या घेऊन एक म्हातारी आजी उतरताना दिसल्या. पलीकडे सात-आठ घरांची वस्ती होती, पण बहुतेक दारांना कुलपं. दिवाळी झाली की आमच्याकडच्या डोंगरातल्या वस्त्या अशाच होतात. तरणी माणसं कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या मुलुखात ऊस तोडायला जातात, मागं उरतात म्हातारी माणसं, शेळ्या आणि काही लेकरं. आजींचा मुलगा आणि सून तिकडेच होते.

सासूबाईंनी त्यांना "अक्का" म्हणून हाक मारली आणि दोघी जणू जुनी ओळख असल्यासारख्या बोलायला लागल्या. आमच्या सगळ्या अडचणी आजींनी ऐकून घेतल्या. उतारावर मध्येच एक सपाट पायरीसारखी जागा होती, बरीच मळलेली, गवत नसलेली. मला वाटलं, हीच छान! आजी म्हणाल्या, "तितं मेंढरं बसत्यात. रातभर गोचीड लागंल पोरांस्नी." मग त्यांनी त्याच्या जरा पलीकडे, एका पडीक वावराच्या दगडी बांधाआड जागा दाखवली. वावर त्यांच्याच भावकीतलं. आमच्याकडे हिवाळ्यात वारा बहुधा उगवतीकडून येतो, आणि बांध नेमका त्याच बाजूला होता. ओढा खाली दीड-दोनशे पावलांवर. वस्ती हाकेच्या अंतरावर, पण गाडीवाटेवरून ही जागा दिसत नव्हती. बायकामाणसं बरोबर असली की या शेवटच्या दोन्ही गोष्टी बघायच्या, बरं का. आपण हाक मारली तर कुणाला तरी ऐकू गेली पाहिजे, पण येणाऱ्याजाणाऱ्या कुणाच्याही नजरेत आपला दिवा भरता कामा नये.

"आमची सून तिकडं फडावर कोपी टाकती," आजी सांगत होत्या, "तीबी आदी पानी कुटनं यील ते बगती, मग बांबू रोवती." दरवर्षी परक्या मुलुखात सहा-सहा महिने उघड्यावर संसार मांडणारी ती बाई! तिला जागा कशी निवडावी हे विचारायला कुणी जात नाही. आम्ही एका रात्रीसाठी तंबू घेऊन आलो तर आमचं केवढं कौतुक. मला जरा खजील झाल्यासारखं वाटलं.

मग सासूबाईंनी एक गंमत केली. तंबू पसरायच्या आधी त्यांनी तांब्यातलं पाणी जमिनीवर हळूच ओतलं आणि ते कुठं जातंय ते बघत बसल्या. पाणी एका अंगाला सरकत गेलं. "डोकी हिकडं करायची, पाय तिकडं," त्यांनी ठरवून टाकलं. डोळ्यांना सपाट दिसणारी जमीन पाठीला सपाट नसते. डोकं उताराकडे आलं तर रात्रभर झोप नाही आणि सकाळी डोकं जड. भावजींची पद्धत अशी की तंबू लावण्यापूर्वी त्या जागेवर खरोखरच आडवं व्हायचं. आम्ही दोघी जावा तिन्हीसांजेला वावरात आडव्या पडून कूस बदलून बघत होतो आणि मुलं खदखदून हसत होती! पण त्यामुळे कमरेखाली येणारे तीन दगड सापडले. दगड उचलताना हात घालायचा नाही, आधी काठीनं उलटायचा. हा फुरशांचा आणि विंचवांचा मुलूख आहे. एका दगडाखालून विंचू निघालाच. त्या रात्री तंबूचं तोंड क्षणभरही उघडं राहिलं नाही आणि सकाळी प्रत्येकानं बूट झटकूनच घातले.

बायकांच्या खऱ्या अडचणीबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. जागा ठरवतानाच आडोसा कुठं आहे ते बघून ठेवा, उजेड असतानाच तिथवर एकदा जाऊन या. अंधारात पहिल्यांदा शोधायला गेलात तर काटे आणि भीती, दुसरं काही नाही. आडोसा पाण्यापासून लांब आणि पाण्याच्या वरच्या अंगाला अजिबात नको. खालची वस्ती तेच पाणी पिते. बरोबर खुरपं न्यावं, वीतभर खड्डा करून माती लोटावी. जिची अडचणीची वेळ असेल तिनं जुनी वर्तमानपत्रं आणि एक वेगळी पिशवी ठेवावी आणि सगळं घरी परत आणावं. माझी जाऊ या काळजीनंच आधी येत नव्हती. एकदा जागा दाखवून, रात्री दोघींनी मिळून जायचं ठरल्यावर ती निर्धास्त झाली.

चुलीचं मात्र आजींनी निक्षून सांगितलं. कुसळी गवताला ठिणगी लागली तर डोंगर जातो, आणि मग उन्हाळ्यात त्यांच्या शेळ्यांनी काय खायचं? म्हणून वावरातली उघडी जागा आणखी झाडून, भोवती दगड मांडून, तिथंच स्टोव्ह लावला. पिठलं झालं, बरोबर आणलेल्या भाकरी आणि कांदा. आजींना बोलावलं तर त्या आल्या नाहीत, पण लेकरांसाठी तांब्याभर दूध पाठवलं.

रात्री एका तंबूत आम्ही बायका आणि मुलं. मुलं झोपल्यावर मी म्हणाले, "आई, मघाशी बोलले त्याचा राग नाही ना?"

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग बोलल्या. लग्नाला माझ्या चौदा वर्षं झाली, पण हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेला पूर आला, बीडमध्ये पाणी शिरलं, कितीतरी माणसं गेली, हे बीडच्या प्रत्येकाला माहीत आहे. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण ऐकून आहे. सासूबाई त्या वेळी नदीकडेच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायच्या. हे चार वर्षांचे, भावजी पोटात. सासरे नोकरीच्या गावी. "ती नदी म्हणजे आमचं अंगण होतं गं," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात तिच्यात गोधड्या वाळत घालायचो. पाऊस कुठं पडतोय ते आपल्याला कुठं दिसतंय? वर डोंगरात पडतो आन् पाणी खाली आपल्या दारात येतं." ह्यांना कडेवर घेऊन त्या शेजारच्या माडीवर चढल्या. पाठोपाठ शेजारीण आली, तिची दोन लेकरं आली. मग शेजारणीला आठवलं, शिलाईमशीन खालीच राहिली. हप्त्यानं घेतलेली, तिच्यावर तिचं घर चालायचं. ती उतरली.

"वर आली न्हाई."

तंबूवर वारा हलकासा वाजत होता. मला वाटलं संपलं. पण त्या पुढं म्हणाल्या, "तिनं मला इचारलं होतं, जाऊ का म्हणून. आता मी जा म्हणाले होते का नको म्हणाले होते, तेच आठवत न्हाई. सदतीस वर्षं व्हायला आली, आठवत न्हाई."

त्या वेळी त्या माझ्यापेक्षा लहानच होत्या. 'एका रात्रीचा तर प्रश्न आहे' हे माझे शब्द मला अंधारात पुन्हा ऐकू आले. मी त्यांचा हात धरला. दुसरं काय करणार होते?

पहाटे पाणी आणायला मी आणि जाऊ खाली ओढ्यावर गेलो. पूर वगैरे काही आला नव्हता, ते सांगून टाकते. पण उतरताना दर दहा पावलांनी थंडी वाढत गेली. वर बांधाआड आम्ही स्वेटर काढून ठेवले होते, आणि खाली दात वाजायला लागले. गार हवा जड असते, रात्री ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहत येते आणि दरीच्या तळाला साचून राहते, हे मी दरवर्षी आठवीच्या वर्गात शिकवते. पण स्वतःच्या अंथरुणाची जागा बघताना आठवलं नव्हतं! ओढ्यावर धुकं होतं. आदल्या दिवशीची ती कोरडी, मऊ वाळू दवानं भिजून गच्च झाली होती. तिथं झोपलो असतो तर सगळी अंथरुणं पिळून काढावी लागली असती. आणि त्या वाळूवर, जिथं ह्यांनी ओझं टाकलं होतं तिथून डोहापर्यंत, रात्रीतून उमटलेले माग होते. मोराची पावलं मी ओळखली. रानडुकरांचे खूर जावेनं ओळखले, ती शेतकऱ्याच्या घरची. तिसरे कुणाचे ते आम्ही थांबून बघितलं नाही. घागर भरली आणि वर आलो. जाऊ म्हणाली, "आपण त्यांच्या पाणोठ्यावर झोपायला निघालो होतो की!"

निघताना बांधाचे काढलेले दगड परत लावले, स्टोव्हची जागा पाण्यानं भिजवली, कचरा पिशवीत भरला. आजींच्या सुनेसाठी मी घरून आणलेला तिळगुळाचा डबा तसाच ठेवून आले. ती अक्षयतृतीयेच्या आसपास परत येईल, तोवर टिकेल असं आजी म्हणाल्या. मला खात्री नाही, पण नातवंडं आहेतच.

कपिलधारला दुपारी पोचलो. धबधबा मार्गशीर्षात बारीक असतो, कड्यावरून दोरीसारखा उतरतो. सासूबाई समाधीपाशी पुष्कळ वेळ बसल्या. मुलांना कड्याच्या पायथ्याशी डबे सोडायचे होते, पण अशा कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात, धूर किंवा दगड लागला की पळता भुई थोडी होते. म्हणून आधी मान वर करून सगळा कडा न्याहाळला आणि मगच बसलो. या खेपेला ते मला कुणी सांगावं लागलं नाही. मांजरसुंब्याला येऊन एस.टी. पकडली.

बीडमध्ये शिरताना एस.टी. बिंदुसरेच्या पुलावर आली. इतकी वर्षं मी बघते आहे, या पुलावर सासूबाई खिडकीकडे बघत नाहीत, पिशवीत काहीतरी शोधत बसतात. मला वाटायचं तिकिटं शोधतात. त्या दिवशी त्यांनी नातवंडांना दोन्ही बाजूंना जवळ घेतलं, काच सरकवली आणि बोट दाखवून म्हणाल्या, "ती पिवळी भिंत दिसती का? तिच्या वर होतं पाणी."

मुलगा म्हणाला, "आजी, तू कुठं होतीस?"

"माडीवर," त्या म्हणाल्या, आणि पूल संपेपर्यंत सांगत राहिल्या.